टोरंट आणि व्हीपीएन : नुसते ‘चालू आहे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक महोदय यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील संगणकविषयक सदर मी नियमाने वाचतो. टोरंट वापरणे सुरक्षित आहे का, या एका वाचकाच्या प्रश्नाला त्या सदरात अलीकडेच उत्तर दिले गेले की, आधी व्हीपीएन (आपली सारी वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारा ‘बोगदा’) चालू करावे, मग टोरंट सुरू करावे, म्हणजे कोणाला काही दिसत नाही. त्यावर दुसऱ्या एका वाचकाने पत्र लिहून, टोरंट हीच मुळात चोरी असल्याने असा सल्ला छापणेच गैर आहे, असे मत मांडले. दुसरे मत अज्ञानातून आले आहे आणि त्याचे निराकरण थोडक्यात करता येते. पहिला सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच अधिक त्रासाचा आहे, कारण तो पाळणारा माणूस निर्धास्त होतो आणि पुढे काही तपासत नाही. प्रस्तुत पत्र मुख्यतः त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी आहे.

आधी टोरंटविषयी. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ साली मांडलेली ही फाइल पोचवण्याची एक रीत आहे. सर्वांनी एकाच सर्व्हरवरून अख्खी फाइल ओढण्याऐवजी तिचे तुकडे करायचे, ज्याच्याकडे जो तुकडा आला त्याने तो पुढच्याला द्यायचा आणि आलेला प्रत्येक तुकडा हॅशने, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने, पडताळून घ्यायचा, एवढेच तिचे सूत्र आहे. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स प्रणाली, लिबरऑफिस आणि विकिपीडिया इंटरनेटविना वाचता यावा म्हणून किविक्स या संस्थेने तयार केलेले संच हे सारे अधिकृतपणे टोरंटवरूनही मिळते. इंटरनेट अर्काइव्हने २०१२ पासून आपला संग्रह टोरंटवर उपलब्ध करून दिला आहे. आम्ही काही मित्र जत आणि आटपाडी तालुक्यांतील शाळांसाठी जुन्या संगणकांवर डेबियन आणि मराठी विकिपीडिया बसवून देतो. त्या भागात मोबाइलची रेंज कुठे असते, कुठे नसते. मोठी फाइल मध्येच तुटली तर पहिल्यापासून ओढावी लागू नये आणि शेवटी हाती आलेली फाइल बिनचूक आहे याची खात्री व्हावी, या दोन्ही गरजा टोरंटने भागतात. आपण जेवढे घेतले त्याहून अधिक परत द्यावे, या विचाराने माझ्या घरी एक छोटा संगणक याच फाइली इतरांना देण्यासाठी अखंड चालू असतो. यात चोरी कुठे आली, हे त्या पत्रलेखकांनीच सांगावे.

मग कायदेशीर फाइलींसाठी व्हीपीएन तरी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. टोरंटमध्ये एखादी फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सर्वांना एकमेकांचे आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचे पत्ते, दिसतात. ते दिसल्याशिवाय देवघेवच होत नाही. त्या घोळक्यात कोणीही सामील होऊन बाकीच्यांची यादी करून ठेवू शकतो आणि अशा याद्या करणे हाच ज्यांचा धंदा आहे अशाही कंपन्या आहेत. अहोरात्र चालू असलेल्या घरच्या जोडणीचा पत्ता जगभर वाटला गेला, की त्यावर बाहेरून चाचपणी सुरू होते. त्याच जोडणीवर घरातला कॅमेरा आणि मुलांचे लॅपटॉपही असतात. शिवाय मी काय वाचतो, काय साठवतो आणि कोणाला देतो हे कोणा तिऱ्हाइताने टिपून ठेवू नये, एवढी अपेक्षा बाळगायला गुन्हेगार असावे लागत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे.

व्यवहारातले आणखी एक कारण आहे. आपल्याकडचे बहुतेक इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तिच्यामुळे बाहेरचा संगणक आपणहून आपल्या संगणकाशी जोडणी करू शकत नाही, आणि फाइल वाटणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच अडथळा आहे. काही व्हीपीएन कंपन्या आपल्याकडचा एक पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचे क्रमांक दिलेले दार, ग्राहकाला देतात, त्यामुळे ही अडचण सुटते. सगळ्याच देतात असे नाही. मुलवाड या नावाजलेल्या स्वीडिश कंपनीने गैरवापराचे कारण देऊन २०२३ साली ही सोय बंद केली. सीजीनॅटमुळे आपण आपोआप गर्दीत लपतो, असा समज मिरजेतल्या संगणकाच्या दुकानांतही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कोणत्या वेळी कोणता पोर्ट कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद पुरवठादाराकडे असते आणि दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा नोंदी जपण्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षे केली आहे.

आता मुख्य मुद्दा. सदरातील सल्ल्याप्रमाणे एखाद्याने संगणकावर व्हीपीएनचे ॲप घेतले, ते चालू केले, ब्राउझरमध्ये आपला आयपी ॲड्रेस पाहिला, तो नेदरलँड्सचा दिसला, आणि मग टोरंट सुरू करून तो झोपायला गेला. रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. घरात इन्व्हर्टर असला तरी चौकातल्या खांबावर असलेले केबलवाल्याचे यंत्र बंद पडते, जोडणी तुटते, आणि तिच्याबरोबर व्हीपीएनचा बोगदाही तुटतो. काही वेळाने जोडणी परत येते. त्या वेळी व्हीपीएनचे ॲप आधी पूर्ववत होते की टोरंटचा क्लायंट, म्हणजे देवघेव करणारा प्रोग्रॅम, आधी कामाला लागतो, याचे ठाम उत्तर कोणी देऊ शकत नाही. संगणकच बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल तर परिस्थिती आणखी वाईट असते; टोरंटचा क्लायंट आपोआप सुरू होतो आणि व्हीपीएनचे ॲप मात्र मालकाने लॉगिन करण्याची वाट पाहत बसते. टोरंटचा क्लायंट अशा प्रसंगी थांबत नाही, कारण जोडणी तुटली तर दुसऱ्या वाटेने प्रयत्न करत राहावे अशीच त्याची घडण आहे. पाटाला दुसरे दारे उघडे राहिले तर पाणी तिकडून जाणारच, त्यात पाण्याची चूक नसते. त्या दोन-चार मिनिटांत क्लायंट आपला घरचा खरा पत्ता ट्रॅकरला, म्हणजे कोणती फाइल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला, कळवतो, हेच काम अशा सर्व्हरविना करणाऱ्या डीएचटीच्या जाळ्यात नोंदवतो आणि समोरच्या घोळक्याला देतो. एकदा दिलेला पत्ता मागे घेता येत नाही. सकाळी उठून पाहावे, तर व्हीपीएन चालू, ब्राउझरमध्ये नेदरलँड्स, सारे कसे जागच्या जागी!

यावर अनेक ॲपमध्ये बोगदा तुटताच इंटरनेटच तोडणारी ‘किल स्विच’ नावाची सोय असते आणि ती जरूर वापरावी. परंतु काही ॲपमध्ये ती ॲप सुरू झाल्यानंतरच लागू होते, काहींत मुद्दाम चालू करावी लागते, आणि ॲपच कोसळले तर तिचे काय होते हे ज्या त्या ॲपवर अवलंबून असते. दुसरी गळती आयपीव्ही६ ची, म्हणजे जुन्या आयपीव्ही४ च्या जोडीला आलेल्या नव्या पत्तापद्धतीची. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवर आयपीव्ही६ सर्रास मिळते, आणि व्हीपीएन केवळ आयपीव्ही४ ची वाहतूक बोगद्यातून नेत असेल आणि आयपीव्ही६ अडवत नसेल, तर उरलेली सारी वाहतूक बोगद्याबाहेरून, उघड्यावर जाते. तेव्हा व्हीपीएन चालू असणे आणि टोरंटला व्हीपीएनशिवाय दुसरी वाटच नसणे या दोन भिन्न अवस्था आहेत. सदरात पहिली सांगितली गेली. हवी असते ती दुसरी.

ही दुसरी अवस्था घरच्या घरी साधण्याचा मला पटलेला मार्ग कंटेनरचा आहे. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला बाकी संगणकापासून वेगळे ठेवून चालवणारी चौकट. २०१३ साली डॉकर हे कंटेनर चालवण्याचे साधन आल्यापासून कंटेनर हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. त्यामागची यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, त्याआधीपासून होती. त्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे नेटवर्क नेमस्पेस. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःची नेटवर्क कार्डे, स्वतःचा मार्गतक्ता आणि स्वतःचे फायरवॉलचे (कोणती वाहतूक अडवायची त्याचे) नियम असतात, आणि तिच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला तिच्याबाहेरचे जाळे अस्तित्वातच नसल्यासारखे असते. डॉकर सहसा प्रत्येक कंटेनरला वेगळी नेमस्पेस देतो, परंतु एका कंटेनरने दुसऱ्याचीच नेमस्पेस वापरावी असेही त्याला सांगता येते. म्हणून दोन कंटेनर करायचे. एकात फक्त व्हीपीएन. त्यासाठी ग्लूटन हा मुक्त प्रोग्रॅम बराच वापरला जातो आणि तो ओपनव्हीपीएन व वायरगार्ड या दोन्ही पद्धतींनी अनेक कंपन्यांशी जोडू शकतो. दुसऱ्यात क्यूबिटटोरंट किंवा ट्रान्समिशन हा टोरंटचा क्लायंट. कंटेनर कसे चालवायचे हे डॉकरला सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये या दुसऱ्याच्या ‘नेटवर्क मोड’च्या ओळीत पहिल्याचे नाव द्यायचे, की टोरंटच्या कंटेनरला स्वतःचे असे जाळे राहत नाही, व्हीपीएनच्या कंटेनरचे जे असेल तेच त्याचे.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण ही व्यवस्था जाणणारेही तो पसरवताना दिसतात. अशा मांडणीत टोरंटला फक्त बोगदाच दिसतो, असे सांगितले जाते. ते खरे नाही. त्या सामाईक नेमस्पेसमध्ये बोगद्याचे आभासी कार्ड असते, तसेच डॉकरने दिलेले साधे कार्डही असते. ते नसेल तर खुद्द व्हीपीएनला तरी आपल्या सर्व्हरपर्यंत पोचता कसे येईल? दुसरी वाट बंद होते ती ग्लूटनने त्याच नेमस्पेसमध्ये लावलेल्या फायरवॉलमुळे. साध्या कार्डावरून बाहेर जाण्यास केवळ ठरलेल्या व्हीपीएन सर्व्हरचा ठरलेला पत्ता आणि पोर्ट यांना मुभा असते, बाकी सारे अडवले जाते. बोगदा तुटला तरी हे नियम जागेवर राहतात आणि टोरंटची वाहतूक आत कोंडून पडते. हा बारकावा महत्त्वाचा अशासाठी, की एखाद्याने ग्लूटनऐवजी दुसरी कुठली साधी व्हीपीएनची प्रतिमा (कंटेनर ज्यावरून घडतो तो तयार साचा) वापरली आणि तिच्यात असे नियम नसतील, तर कंटेनर असूनही गळती होणारच. कंटेनर आहे म्हणजे सुरक्षित आहे, हाही ‘व्हीपीएन चालू आहे’ याच जातीचा सल्ला झाला. म्हणून मी त्यावर आणखी एक कडी घालतो : क्यूबिटटोरंटच्या प्रगत सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस म्हणून केवळ बोगद्याचे कार्ड निवडून ठेवतो, म्हणजे फायरवॉल काही कारणाने ढासळली तरी क्लायंट स्वतःहून साध्या कार्डाकडे वळत नाही.

दोन कंटेनर करण्याचा आणखी एक लाभ सहसा सांगितला जात नाही. बोगदा उभारण्यासाठी आणि फायरवॉलचे नियम बदलण्यासाठी ‘नेट ॲडमिन’ नावाचा खास अधिकार लागतो. टोरंट आणि व्हीपीएन एकाच कंटेनरात कोंबलेल्या तयार प्रतिमाही मिळतात आणि त्या बसवायला सोप्या असतात. परंतु त्यांच्यात हा अधिकार अशा कंटेनरला मिळतो, ज्यात जगभरच्या अनोळखी संगणकांशी बोलणारा प्रोग्रॅम चालू आहे. वेगळे ठेवले तर अधिकार व्हीपीएनच्या कंटेनरपुरता राहतो आणि टोरंटच्या कंटेनरला साध्या वापरकर्त्याच्या नावाने, फक्त डाउनलोडचा फोल्डर दाखवून चालवता येते. ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल तर एक उदाहरण पुरे. क्यूबिटटोरंटमध्ये काही डाउनलोड करताना समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रातील चुकांकडे दुर्लक्ष करणारा दोष २०१० पासून होता आणि तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ५.०.१ या आवृत्तीत दुरुस्त झाला. हा प्रोग्रॅम चांगलाच आहे आणि मी तोच वापरतो. तरीही १४ वर्षे एक दोष कोणाच्या ध्यानात येत नाही, याचा अर्थ त्याला घरभर मोकळे सोडू नये.

बसवताना लोक नेमके कुठे अडतात, तेही लिहितो. क्यूबिटटोरंट ब्राउझरमधून हाताळण्याचे वेबपान पाहण्यासाठी सहसा ८०८० हा पोर्ट उघडावा लागतो. तो टोरंटच्या कंटेनरवर नव्हे, तर व्हीपीएनच्या कंटेनरवर उघडायचा असतो, कारण जाळे त्याचे आहे. हे न कळल्याने पान उघडत नाही, मग माणूस वैतागून ‘नेटवर्क मोड’ची ओळ काढून टाकतो, पान लगेच उघडते आणि त्याला वाटते की काम फत्ते झाले. प्रत्यक्षात त्याने त्या एका क्षणात सगळे संरक्षण काढून टाकलेले असते. दुसरी अडचण व्हीपीएनचा कंटेनर नव्या आवृत्तीसाठी पुन्हा घडवला, की येते. त्याची जुनी नेमस्पेस नाहीशी होते आणि टोरंटचा कंटेनर तिलाच चिकटून राहतो. चालू दिसतो, पण एकही बाइट हलत नाही. त्यालाही पुन्हा घडवावे लागते. आपोआप अद्ययावत करणारी साधने लावून ठेवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. बिघडल्यावर उघडे पडण्यापेक्षा बिघडल्यावर बंद पडणे केव्हाही चांगले. व्हीपीएनचा कंटेनर निरोगी असल्याची खूण मिळाल्यावरच टोरंटचा सुरू व्हावा, अशी अट कंपोज फाइलमध्ये घालता येते, ती घालावी. पोर्ट देणाऱ्या काही कंपन्या प्रत्येक नव्या जोडणीला वेगळा पोर्ट देतात, तेव्हा तो क्लायंटला कळवण्याची सोयही करावी लागते. ग्लूटन तो एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, तिथून उचलता येतो.

वेबपानाबाबत आणखी एक इशारा. क्यूबिटटोरंटच्या जुन्या आवृत्त्यांत सर्वांसाठी एकच ठरलेला पासवर्ड असे आणि तो साऱ्या जगाला पाठ होता. ४.६.१ या आवृत्तीपासून पहिल्या खेपेस तात्पुरता पासवर्ड तयार होऊन प्रोग्रॅमच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) उमटतो. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी आजच तो बदलावा. आणि उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावली आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. डॉकर पोर्ट उघडताना आपले नियम परस्पर लिहितो आणि यूएफडब्ल्यूने बंद केलेला पोर्टही त्यामुळे उघडा राहू शकतो. पोर्ट सगळ्या पत्त्यांवर न उघडता केवळ घरातल्या जाळ्याच्या पत्त्यावर उघडणे हा साधा उपाय आहे.

हे सारे नीट केले तरी ‘कोणाला काही दिसणार नाही’ हे वाक्य खरे ठरत नाही, आणि सदरातील उत्तराबद्दल माझा दुसरा आक्षेप हा आहे. बोगद्यामुळे घोळक्यातल्या लोकांना माझा घरचा पत्ता दिसत नाही. माझ्या पुरवठादाराला मी कोणाशी काय देवघेव करतो ते दिसत नाही, परंतु किती वाहतूक केव्हा आणि कोणत्या व्हीपीएन सर्व्हरकडे गेली हे दिसतेच. व्हीपीएन कंपनीला मात्र माझा घरचा पत्ता ठाऊक असतो आणि पैसे कार्डाने किंवा यूपीआयने भरले असतील तर नावही. म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, तो एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवला जातो. तो कोणाच्या दारात ठेवायचा, याचा विचार फुकट ॲप उतरवून घेणाऱ्यांनी तर अवश्य करावा. फेसबुकने २०१३ साली विकत घेतलेल्या ओनाव्हो कंपनीचे व्हीपीएन ॲप लोकांना संरक्षण म्हणून दिले जात होते आणि त्याच्या आधारे लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुक गोळा करत होते. ॲपलच्या दुकानातून ते २०१८ साली काढावे लागले, आणि या फसव्या जाहिरातीबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये फेसबुकच्या उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपल्या देशापुरते बोलायचे तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली काढलेल्या निर्देशांनी व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची पडताळलेली नावे, पत्ते, दिलेले आयपी ॲड्रेस आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती सेवा संपल्यानंतरही पाच वर्षे जपणे बंधनकारक केले. त्याची अंमलबजावणी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत पुढे ढकलली गेली, आणि तोवर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. आज या कंपन्यांच्या यादीत भारत दिसला तरी यंत्र सिंगापूरसारख्या ठिकाणी असते, फक्त पत्ता भारताचा मिळतो. देशभर सरसकट व्हीपीएनवर बंदी नाही. या निर्देशांचे समर्थन करणारे आणि विरोध करणारे, दोघांचेही युक्तिवाद मला ऐकण्यासारखे वाटतात. मात्र तुमच्या नोंदी आम्ही ठेवत नाही असे कंपनी जाहिरातीत म्हणते, तेव्हा कोणत्या देशातल्या सर्व्हरबद्दल म्हणते, हे ग्राहकाने विचारले पाहिजे, एवढे तरी सदरात यायला हवे होते.

कायद्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल ज्या पत्रलेखकांनी चोरीचा आरोप केला, त्यांच्या चिंतेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. टोरंटवर घेणारा तत्क्षणी देणाराही होतो, त्यामुळे मी नुसता पाहत होतो हा बचाव तिथे लंगडा पडतो. बोगदा असला म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. तथापि काय कायदेशीर आहे, हे तरी ठाऊक हवे. आपल्या सांगलीचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, तेव्हा त्यांच्या नाटकांच्या संहिता आज कोणीही छापाव्यात, वाटाव्यात, टोरंटवरही ठेवाव्यात. त्याच नाटकाच्या एखाद्या अलीकडच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा नव्या संपादकाची प्रस्तावना मात्र तशी वाटता येणार नाही. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात संहितांचे असे खुले संग्रह उभे राहायला हवेत, हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे. आज तो बाजूला ठेवतो.

माझी विनंती एवढीच आहे की, सदराच्या पुढच्या अंकात आधीच्या उत्तराची दुरुस्ती छापावी आणि तिच्यात परीक्षेची रीत द्यावी, कारण ती कोणालाही करता येते. ब्राउझरमध्ये आयपी ॲड्रेस पाहणे ही परीक्षा नव्हे. ब्राउझर एका वाटेने जातो आणि कंटेनरमधला क्लायंट दुसऱ्या. प्रथम, टोरंटच्या कंटेनरच्या आत शिरून तिथूनच आयपी ॲड्रेस विचारावा. मग टोरंटचा आयपी ॲड्रेस तपासणाऱ्या संकेतस्थळावरून मॅग्नेट दुवा (क्लायंटमध्ये टाकताच टोरंट सुरू करणारा दुवा) घेऊन तो क्लायंटमध्ये टाकावा, म्हणजे घोळक्याला कोणता पत्ता दिसतो ते कळते. तिथे घरच्या पुरवठादाराचे नाव दिसता कामा नये, आयपीव्ही६ च्या रकान्यातही नाही. शेवटी डेबियनची एखादी मोठी फाइल उतरत असताना कंटेनर बंद न करता त्यातला केवळ व्हीपीएनचा बोगदा खाली पाडावा, तसे जमत नसेल तर व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता राउटरवर अडवावा, आणि वेगाच्या आकड्याकडे पाहावे. आधीपासून सुरू असलेल्या जोडण्या मरायला काही क्षण लागतात, त्यानंतर आकडा शून्यावर येऊन तिथेच राहिला पाहिजे. तो पुन्हा चढू लागला, तर कंपोज फाइल उघडून ‘नेटवर्क मोड’ची ओळ आणि क्लायंटने निवडलेला इंटरफेस, या दोन जागा आधी पाहाव्यात.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली